द्विवचन

आमच्यासारख्या पासष्टीकडे झुकलेल्या संस्कृतच्या मास्तरानें अमेरिकेंतील एका कृष्णवर्णीय गायकाच्या ध्वनिमुद्रिकेविषयीं लिहावयास बसावें, हें पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. आणि जे आम्हांस व्यक्तिशः ओळखतात त्यांस कदाचित् काळजीही वाटेल. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें, आणि गाण्याची समज गणेशोत्सवांतील बैठकींपुरती. तरीही हा विषय आम्हीं हातीं घेतला, कारण गेल्या पावसाळ्यांत ही एक तबकडी आमच्या घरांत रात्रीमागून रात्री वाजत राहिली, आणि अखेर तिच्यापायीं आम्हांस एक पत्र लिहावें लागलें. तें पत्र चारच ओळींचें होतें. पण तें लिहावयास आम्हांस चार वर्षें उशीर झाला होता.

प्रथम घरची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. आमच्या जुन्या वाड्याच्या जागीं आतां इमारत उभी आहे, आणि तिच्या दोन मजल्यांवर आम्ही तिघे भाऊ आपापल्या बिऱ्हाडांसह राहतों. बिऱ्हाडें तीन असलीं तरी स्वयंपाकघर अद्याप एकच आहे. आमच्या वडील बंधूंचा मुलगा, म्हणजे आमचा थोरला पुतण्या, याचें लग्न २०१४ सालीं झालें, आणि २०२१ सालीं कौटुंबिक न्यायालयांत परस्परसंमतीनें तें मोडलें. चारचौघांत भांडणतंटा असा झाला नाहीं. ठरलेली रक्कम दोन हप्त्यांत पोंचती झाली. दागिने, भांडीं, कपडे यांची यादी झाली. तिच्यावर दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांनीं सह्या केल्या. आणि आमच्या घरांतून एक माणूस वजा झालें. त्या दिवसापासून तिचें नांव घरांत कोणीं उच्चारलें नाहीं. दिवाणखान्यांतील लग्नाचा फोटो उतरला, आणि त्या खिळ्याला दिनदर्शिका लागली. यालाच आम्ही सारे समजूतदारपणा म्हणत होतों.

पुतण्यानें गेल्या वर्षीं जुन्या बाजारांतून तबकड्या वाजविण्याचें एक यंत्र आणलें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो खोलीचें दार लोटून घेई, आणि भिंतीपलीकडून तोच एक आवाज आमच्या कानावर येई: उंच, रेशमासारखा, मधूनच कण्हल्यासारखा, आणि पुष्कळदां गाण्यापेक्षां बोलण्याच्याच जवळचा. एका रात्रीं झोंप येईना म्हणून आम्ही त्याच्या दारांत जाऊन उभे राहिलों. तो लगबगीनें उठला.

‘काका, झोंपमोड झाली का? बंद करतों.’

‘राहूं दे. काय म्हणतो आहे हा मनुष्य?’

तो क्षणभर घोटाळला आणि म्हणाला, ‘हिशेब देतो आहे, काका. बायकोचा.’

त्या रात्रीं आम्हीं त्याच्या खाटेवर बसून ती ध्वनिमुद्रिका प्रथमच अथपासून इतिपर्यंत ऐकली. पुढें आठवडाभर त्यानें आम्हांस गाण्यांचे अर्थ समजावून दिले, कांहीं पुस्तकें वाचून दाखविलीं. आणि त्यांतून जें आमच्या पदरांत पडलें तें येथें सांगतों.

‘सोल’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आत्मा. त्या नांवाचें संगीत १९५० नंतरच्या वर्षांत अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजांत आकारास आलें. त्याचें एक मूळ त्यांच्या चर्चमध्यें आहे. तेथील भजनाची रीत आपल्या कीर्तनाहून फार दूरची नव्हे: एकजण चरण उचलतो, समुदाय त्यास उत्तर देतो, टाळ्यांचा ठेका वाढत जातो, आणि गाणाऱ्याचा आवाज शब्द मागें टाकून नुसत्या आर्जवावर येतो. हीच रीत घेऊन ईश्वराच्या जागीं प्रियजन बसविलें, आणि साथीला नृत्याचा ठेका घेतला, कीं सोल संगीत झालें. त्यांच्यांतील कर्मठांस हा भ्रष्टाकार वाटला. परंतु भक्ति आणि शृंगार यांमधील भिंत किती पातळ असते, हें ज्यानें गीतगोविंद वाचलें आहे त्याला निराळें सांगावयास नको.

मार्व्हिन गे हा गायक अशाच चर्चमध्यें वाढला. त्याचा जन्म २ एप्रिल १९३९ चा, वॉशिंग्टन शहरांतला. वडील एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक. घरांत धाक विलक्षण, आणि माराला सुमार नाहीं. मुलगा वयांत येतांच घराबाहेर पडला आणि फिरत फिरत डेट्रॉइट या मोटारींच्या शहरीं पोंचला. तेथें बेरी गॉर्डी नांवाच्या गृहस्थानें १९५९ सालीं कुटुंबाच्या सामाईक शिलकेंतून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन ध्वनिमुद्रणाचा धंदा थाटला होता. तीच कंपनी पुढें मोटाउन या नांवानें जगभर गाजली. गॉर्डी पूर्वीं मोटारीच्या कारखान्यांत कामाला होता. आणि सुटे भाग जोडीत जोडीत मोटार जशी कारखान्याबाहेर पडते, तशींच त्यानें गाणीं तयार करविलीं. लिहिणारे निराळे, वाजविणारे ठरलेले, आणि बाजारांत धाडण्यापूर्वीं प्रत्येक गाण्याची बैठकींत परीक्षा. ज्या समाजास देशाच्या मोठ्या भागांत गोऱ्यांच्या पंक्तीला बसण्याची बंदी होती, त्याचें गाणें या कंपनीनें गोऱ्यांच्या घराघरांत पोंचविलें. हें काम लहान नव्हे. पण ज्या धंद्याचें सारें कौशल्य गिऱ्हाइकाची नाडी ओळखण्यांत असतें, त्याची कसोटीही एकच असते: जें खपेल तें चांगलें.

मार्व्हिन या कंपनींत आरंभीं ड्रम वाजवीत असे. मालकाची बहीण ॲना ही त्याच्याहून सतरा वर्षांनीं वडील आणि या धंद्यांत मुरलेली. तिच्या नांवाची ध्वनिमुद्रणसंस्था तर भावाच्या कंपनीच्याही आधीं निघाली होती. १९६३ सालीं या दोघांचा विवाह झाला. ‘प्राइड अँड जॉय’ हें त्याचें त्या काळांतील गाजलेलें गाणें तिच्यावरूनच सुचलेलें. पुढें दोघांनीं मिळून गाणीं लिहिलींही. १९७१ सालीं त्यानें युद्ध, दारिद्र्य आणि शहरांची दुर्दशा यांवर ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ही ध्वनिमुद्रिका केली. तिच्या नांवाचें गाणें बाजारांत आणावयास मेव्हणे राजी नव्हते. आणि तें निघालें तेव्हां मात्र धडाक्यानें खपलें. कंपनीची कसोटी त्या खेपेस चुकली, आणि मार्व्हिनला आपल्या मनासारखें गाण्याची मोकळीक मिळाली.

परंतु घर मोडत चाललें होतें. दुसरी एक तरुण मुलगी मार्व्हिनच्या आयुष्यांत आली, तिच्यापासून त्याला दोन मुलें झालीं, आणि हें सर्व पहिला विवाह कायम असतांना. १९७५ सालीं ॲनानें घटस्फोटाचा अर्ज केला. मार्च १९७७ मध्यें निकाल लागला. त्या वेळीं मार्व्हिनचें नांव मोठें होतें, पण खर्च त्याहून मोठा. शिवाय अमली पदार्थांचें व्यसन. पैसे द्यावे कोठून? तेव्हां त्याच्या वकिलानें एक विलक्षण तोड सुचविली. मार्व्हिननें पुढील ध्वनिमुद्रिका करावी, आणि तिच्या मानधनाचा अर्धा वांटा ॲनाला द्यावा.

हा व्यवहार नीट समजून घेण्याजोगा आहे. गायकास कंपनीकडून दोन प्रकारें पैसे मिळतात. ध्वनिमुद्रिका हातीं येण्यापूर्वीं एक मोठी रक्कम आगाऊ मिळते, आणि पुढें खपाच्या प्रमाणांत हिस्सा मिळत राहतो. ॲनास द्यावयाची रक्कम सुमारें ६ लक्ष डॉलर ठरली. तिच्यांतील निम्म्याहून थोडा अधिक भाग आगाऊ रकमेंतून, आणि उरलेला या एका ध्वनिमुद्रिकेच्या कमाईंतून. म्हणजे जी बाई सोडून जाणार, तिचें देणें त्यानें गाऊन फेडावयाचें; आणि तिला मिळणारा पैसा लोकांना तें गाणें किती आवडतें यावर अवलंबून. त्यांतही दैवयोग असा, कीं ज्या कंपनीनें तें विकावयाचें ती तिच्याच भावाची.

आतां अशा वेळीं सामान्य मनुष्य काय करील? वेठीचें काम जसें करतात तसें करील. मार्व्हिननेंही प्रथम तसेंच योजिलें होतें. नाहीं तरी निम्मा पैसा दुसऱ्याच्या पदरांत जावयाचा, तेव्हां कांहींतरी थातुरमातुर गाऊन मोकळें व्हावें, असा आपला बेत होता हें त्यानें पुढें आपला चरित्रकार डेव्हिड रिट्झ यास सांगितलें आहे. परंतु हॉलिवुडमधील आपल्या स्वतःच्या स्टुडिओंत तो गावयास बसला आणि बेत फसला. वेठीचें गाणें म्हणतां म्हणतां चौदा वर्षांचा संसार त्याच्या तोंडून बाहेर पडूं लागला. एक साधी तबकडी व्हावयाची तिथें दोन तबकड्यांचा जोड झाला. चौदा गाणीं, वेळ जवळजवळ सव्वा तास. नांव ठेविलें ‘हिअर, माय डिअर’. आपल्याकडील बोलींत सांगावयाचें तर, ‘घे बाई, हें तुझें’.

त्या नांवांत लाडिकपणा आहे, उपरोध आहे आणि हार मानणेंही आहे. आणि हीं तिन्ही आंतील गाण्यांतही आहेत. एका गाण्यांत प्रथम भेटीची आठवण येते. दुसऱ्यांत वकिलांची आणि पैशांची तक्रार. एक सबंध गाणें रागावर, म्हणजे राग मनुष्याचें काय करतो यावर. ॲनाच्या नांवाचेंही एक गाणें आहे, आणि तें भांडणाचें नसून हळुवार आठवणीचें आहे. पुष्कळ ठिकाणीं मुख्य आवाज त्याचाच आणि मागील साथीचे आवाजही त्याचेच. हे आवाज निरनिराळे मुद्रित करून एकमेकांवर बसविण्याची युक्ति त्याला उत्तम साधली होती. एक आवाज आरोप करतो, त्याच वेळीं दुसरा मागून विनवीत असतो, आणि तिसरा नुसता हुंकार देतो. रात्रीं एकट्या पडलेल्या मनुष्याच्या डोक्यांत जें चालतें तें थेट असेंच असतें. भिंतीपलीकडून ऐकतांना आम्हांस एकाच्या जागीं तीन माणसें असल्याचा भास होई, त्याचा उलगडा तेव्हां झाला.

या ध्वनिमुद्रिकेचा कणा म्हणावा असें एक गाणें आहे. त्याच्या नांवाचाच अर्थ असा, कीं तुझें माझ्यावरील प्रेम केव्हां थांबलें, आणि माझें तुझ्यावरील केव्हां थांबलें? हें गाणें आरंभीं शब्दांसह येतें, मध्यें केवळ वाद्यांवर येतें, आणि अगदीं शेवटीं त्याचा एक तुकडा पुन्हा येतो. तक्रारी येतात आणि जातात. हा प्रश्न मात्र उठून जात नाहीं.

या ठिकाणीं आमच्यांतील मास्तर जागा झाला. संस्कृतांत एकवचन आणि बहुवचन यांच्यामध्यें द्विवचन म्हणून एक स्वतंत्र वचन आहे. इंग्रजींत तें नाहीं, मराठींतही नाहीं. आमची सून, म्हणजे याच पुतण्याची बायको, लग्न होऊन घरांत आल्यावर हौसेनें आमच्याजवळ संस्कृत शिकूं लागली होती. दुपारचीं झांकपाक झाल्यावर ती वही घेऊन येई. रामः, रामौ, रामाः हें पाठ करतांना एके दिवशीं तिनें विचारलें, ‘काका, एक आणि अनेक एवढ्यावर साऱ्या जगाचें भागतें; मग दोघांसाठीं एवढा खटाटोप कशाला?’ आम्हीं मोठ्या ऐटींत उत्तर दिलें होतें, ‘अग, दोघें म्हणजे लहानसें बहुवचन नव्हे. तें नातेंच निराळें, म्हणून त्याचें रूपही निराळें.’ तिनें तें वाक्य वहींत टिपून घेतलें होतें.

त्या अमेरिकन गायकाच्या भाषेंत द्विवचन नाहीं. तरी त्याचा प्रश्न द्विवचनांतलाच आहे. ‘तूं केव्हां थांबलीस’ एवढेंच विचारून तो थांबला असता तर तें फिर्यादीचें गाणें झालें असतें, आणि तशीं गाणीं जगांत पुष्कळ आहेत. त्यानें उत्तरार्ध जोडला, आणि फिर्यादी स्वतःच पिंजऱ्यांत येऊन उभा राहिला. पुतण्या हें गाणें पुनःपुन्हां कां लावीत असे, हें आम्हांस तेव्हां कळलें. घरानें त्याला पूर्वार्ध भरपूर ऐकविला होता. उत्तरार्ध या परक्या मनुष्याकडून त्याला मिळत होता.

ध्वनिमुद्रिका १५ डिसेंबर १९७८ रोजीं बाजारांत आली. तिच्या वेष्टनाच्या आंतील चित्र पाहण्यासारखें आहे. घरें आणि जमिनी विकत घेण्याचा सोंगट्यांचा खेळ मांडलेला आहे, आणि त्या पटावरून पुरुषाचा हात बाईच्या हातांत एक तबकडी देतो आहे. तो पट पाहून आम्हांस आमच्या घरीं झालेल्या यादीची आठवण झाली. तांब्याचा घंगाळ एक, पितळी समई जोड, पैठण्या दोन.

बाजारानें काय केलें? मार्व्हिनच्या १९७१, १९७३ आणि १९७६ सालच्या ध्वनिमुद्रिका अमेरिकेंतील खपाच्या सर्वसामान्य यादींत अनुक्रमें ६ व्या, २ ऱ्या आणि ४ थ्या स्थानापर्यंत चढल्या होत्या. ही २६ व्या स्थानावर अडकली. कृष्णवर्णीय संगीताच्या स्वतंत्र यादींत ती ४ थ्या स्थानापर्यंत गेली खरी, पण तेथेंही फार काळ टिकली नाहीं. एक गाणें सुटें काढून पाहिलें, तें त्याच यादींत २३ व्या स्थानापुढें सरकलें नाहीं. बहुतेक टीकाकारांनीं नाकें मुरडलीं. कंपनीनें जाहिरात आवरती घेतली, आणि गायकानेंही तिच्यासाठीं धांवपळ करण्याचें सोडून दिलें.

विचार केला तर बाजाराला दोष देतां येत नाहीं. तें वर्ष नाचाचें होतें. ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ या नृत्यपटाच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका १९७८ सालीं लागोपाठ २४ आठवडे पहिल्या स्थानावर बसून होती. मार्व्हिनचेंच १९७७ सालचें एक नाचाचें गाणें देशांत पहिलें आलें होतें. तेव्हां गिऱ्हाइकास त्याच्याकडून आणखी तेंच हवें होतें. त्याच्या हातीं पडला काय, तर दोन तबकड्यांचा जोड, आणि त्यांत एका घटस्फोटाचा सव्वा तासाचा जमाखर्च. दिवसभर कामानें शिणलेला मनुष्य संध्याकाळीं पैसे मोजून दुसऱ्याचें घर मोडतांना कां ऐकत बसेल? ज्याचें स्वतःचें घर सुखाचें आहे त्याला तें नको असतें. आणि ज्याचें नाहीं तो तर त्यापासून लांबच पळतो.

भवभूतीनें समकालीनांच्या उपेक्षेवर काळाच्या अनंतपणाचा उतारा शोधला होता, हें आम्ही वर्गांत तीस वर्षें शिकविलें. त्या उताऱ्याचा पुष्कळांनीं गैरफायदाही घेतला आहे. न खपलेलें तें सारें थोर असतें असें नव्हे. आम्हीं स्वखर्चानें छापलेल्या शब्दरूपावलीच्या दोनशें प्रती आमच्या माळ्यावर आहेत, आणि त्यांस कोणी समानधर्मा भेटेल अशी आशा आमच्या कुटुंबानें केव्हांच सोडली आहे. परंतु ‘हिअर, माय डिअर’च्या बाबतींत काळानें खरोखरीच निकाल फिरविला. लॉस एंजेलिसच्या प्रमुख वृत्तपत्रांत तिच्यावर प्रतिकूल अभिप्राय आला, तेव्हां तिची बाजू घेणारें एक वाचकाचें पत्र छापून आलें. तें पत्र वाचून मार्व्हिननें लेखकाची ओळख करून घेतली. तो पत्रलेखक म्हणजेच वर सांगितलेला रिट्झ. पुढें ही ध्वनिमुद्रिका हळूहळू जाणत्यांच्या हातोहात फिरत राहिली, आणि २००३ सालीं ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन संगीतपत्रानें आजवरच्या पांचशें उत्कृष्ट ध्वनिमुद्रिकांची यादी केली तींत तिला जागा मिळाली. मार्व्हिन हें पाहावयास नव्हता. १९८२ सालीं दुसऱ्या कंपनीकडून निघालेल्या ध्वनिमुद्रिकेनें त्याला पुन्हा धन आणि कीर्ति मिळवून दिली. पण १ एप्रिल १९८४ रोजीं, पंचेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, घरांतील भांडणांत त्याच्या वडिलांनींच त्याच्यावर गोळी झाडली आणि त्याचा अंत झाला.

पुतण्यानें हकीकत येथें संपविली. आम्हीं विचारलें, ‘आणि तिचें काय झालें?’

‘कोणाचें?’

‘त्या ॲनाबाईचें. तिचें म्हणणें कोणत्या तबकडीवर आहे?’

तो गप्प झाला. असें कांहीं नव्हतेंच. या ध्वनिमुद्रिकेचें हें उणें आम्हांस फार मोठें वाटतें, आणि तिचे चाहते त्याविषयीं फारसें बोलत नाहींत. प्रश्न द्विवचनांतला खरा, पण तो विचारणारा आवाज एकवचनी आहे. मागें साथीला चार आवाज आहेत, ते सारे त्याचेच. त्यानें स्वतःला पिंजऱ्यांत उभें केलें हें त्याचें मोठेपण. परंतु न्यायासनावरही तोच बसला होता. आपल्या संसाराची गोष्ट बाजारांत मांडली म्हणून ॲना फिर्याद करण्याच्या विचारांत आहे, असें त्या वेळीं छापून आलें होतें. ती फिर्याद तिनें केली नाहीं. ती २०१४ सालीं वारली. मार्व्हिनच्या दहनानंतर त्याच्या रक्षेचें पॅसिफिक महासागरांत विसर्जन झालें तेव्हां त्याच्या तिन्ही मुलांसह ॲना तेथें होती, आणि तिच्याच हातून तें झालें. तिचें उत्तर म्हणून कांहीं सांगावयाचें असेल तर एवढेंच आहे. तें कोणत्याही यादींत कितव्या स्थानावर होतें, याची नोंद कोणीं ठेविलेली नाहीं.

त्या रात्रीं आम्ही आपल्या खोलींत परत आलों आणि कपाट उघडलें. यादींत सर्व वस्तु आल्या होत्या, एक सोडून. सुनेची संस्कृतची वही आमच्याजवळ राहिली होती. तिनें शेवटीं सोडविलेला स्वाध्याय तपासावयास म्हणून आम्हीं ती घेतली, पुढें तें प्रकरण सुरू झालें, आणि वही कपाटांत पडली. ती परत करावी असें चार वर्षांत आमच्या मनांत आलें नाहीं असें नाहीं. पण ती पाठवावयाची म्हणजे पत्र लिहावयाचें, पत्र लिहावयाचें म्हणजे नांव घ्यावयाचें. आणि नांव न घेण्याचा तर घरानें ठराव केला होता. पैशाचें देणें आम्हीं पै न पै चुकतें केलें होतें. तिनें सात वर्षें आमच्या घरांत राहून काय सोसलें, तिच्या बाजूनें काय कमी पडलें आणि आमच्या बाजूनें काय, हें मात्र आमच्यापैकीं एकानेंही तिला विचारलें नाहीं. आम्ही तिचे केवळ चुलत सासरे नव्हतों, गुरुही होतों. एवढें जिचें व्याकरण तपासलें, तिची गोष्ट ऐकून घ्यावयास आम्हांस सवड झाली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पत्र लिहावयास बसलों तों मायन्यापाशींच अडलों. पूर्वीं ‘चि. सौ.’ असें लिहीत असूं. आतां ‘सौ.’ लिहावें तर कोणत्या नात्यानें? आणि ‘चि.’ म्हणण्याचा आमचा अधिकार तरी उरला आहे का? तीन कागद फाडले. वडील बंधूंस दाखवावें कीं न दाखवावें, यांत दोन दिवस गेले. अखेर दाखविलें. त्यांनीं वाचलें, चष्मा काढून पुसला, आणि कांहीं न बोलतां परत दिलें. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ आम्हीं संमति असा केला. मायन्यांत ‘चि.’ ठेविलें, ‘सौ.’ गाळलें, आणि नांव पूर्ण लिहिलें. खालीं एवढेंच:

‘तुझी वही राहून गेली होती, ती पाठवीत आहें. शेवटचा स्वाध्याय तपासला. एकही चूक नाहीं. आमच्या हातून मात्र एक झाली. तुझें म्हणणें ऐकून घ्यावयास हवें होतें, तें आम्हीं घेतलें नाहीं.’

पुतण्यास विचारल्यावांचून पाठविणें बरें दिसलें नसतें, म्हणून त्यालाही तें पत्र वाचावयास दिलें. त्यानें दोनदां वाचलें, आणि वही उघडून बराच वेळ पानें चाळीत बसला. मग म्हणाला, ‘काका, पाठवा. माझें नांव त्यांत घालूं नका. माझें मला लिहावें लागेल.’

वही पोंचल्याची टपालखात्याची पोंच आठवड्याभरांत आली. तिच्यावर तिची सही आहे. उत्तर आलेलें नाहीं. तें यावें अशी अपेक्षा ठेवण्याचा आम्हांस अधिकारही नाहीं. भिंतीपलीकडे ती तबकडी अजून वाजते, पण रोज नव्हे. आणि परवां जेवतांना आमच्या वहिनींनीं आमटी वाढतांना सहज म्हटलें, कीं अशी आमटी ती फार छान करी. आणि त्यांनीं तिचें नांव घेतलें. पंक्तींत कोणीं कांहीं बोललें नाहीं. पुतण्यानें मात्र वाटी पुढें करून आणखी थोडी आमटी मागून घेतली.